सात तासांतून उरली ऐंशी मिनिटं



आज पाठाची टाचण नाही की कृतिपत्रिका नाही. एक शाब्दिक उदाहरण आहे, ते आमच्या घरी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घडलं. आधी ते वाचा आणि तुम्ही काय केलं असतं ते मनाशी ठरवा. मग पुढे वाचा.

माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते. तिचं पहिलं बाळंतपण होतं आणि आई आता नाही. म्हणून मी, माझी चौथीतली लेक आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, असे तिघं निघालो. परदेशी जायची परवानगी, रजेचा अर्ज, पासपोर्ट, व्हिसा ही सगळी धावपळ केली. तिकीट स्वस्त हवं म्हणून मुंबई ते क्वालालंपूर आणि तिथून मेलबर्न असं काढलं. क्वालालंपूरला विमान सकाळी ११.४० ला उतरणार, पुढचं संध्याकाळी ६.४० ला सुटणार. मध्ये सात तास. डॉक्टरांनी बहिणीला दिलेली तारीख आम्ही पोचल्यावर चारच दिवसांनी होती.

आता प्रश्न असा, की त्या सात तासांत विमानतळाबाहेर पडून शहर बघायचं की आत बसून राहायचं?

सल्ले दोनच प्रकारचे मिळतात

नातेवाइकांत विषय निघाला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. काही जण म्हणाले, "अगं, एवढे पैसे भरलेत, त्यात एक देश फुकटात बघायला मिळतोय. बसून काय करणार?" दुसरे म्हणाले, "अनोळखी मुलुख, बरोबर म्हातारा माणूस आणि लहान पोर. गुपचूप बसा एका जागी." पहिल्या सल्ल्यात हाव होती, दुसऱ्यात भीती. दोन्ही सल्ले प्रेमानेच दिलेले होते, पण दोन्हींत एकही आकडा नव्हता. आपण मोठी माणसं बरेचसे निर्णय असेच घेतो आणि घरातली मुलं ते बघत असतात.

म्हणून मी ठरवलं, की या वेळी निर्णय लेकीसमोर, कागदावर करायचा. तिलाच वही-पेन्सिल घेऊन बसवलं.

पहिला प्रश्न वेळेचा नसतोच. बाहेर पडू देतात का, हा पहिला प्रश्न. विमानतळाच्या आत बसलेला प्रवासी कायद्याच्या दृष्टीने त्या देशात शिरलेला नसतो. बाहेर पडायचं तर इमिग्रेशनचा शिक्का लागतो, म्हणजे त्या देशाची परवानगी हवी. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला आणि पुढे ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली. फक्त पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. हाच थांबा सिंगापूरला असता तर भारतीय पासपोर्टवर साधारणपणे आधी व्हिसा काढावा लागला असता. तिथल्या चांगी विमानतळावरचा तो चाळीस मीटर उंचीचा धबधबा आपण रीलमध्ये पाहतो ना, तोसुद्धा इमिग्रेशनच्या बाहेरच्या भागात आहे. आतल्या प्रवाशाला तो टर्मिनलमधल्या छोट्या ट्रेनमधून जाताना ओझरता दिसतो, तेवढाच. दुबईलाही सर्वसाधारण भारतीय प्रवाशाला ट्रान्झिट व्हिसा आधी काढून ठेवावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. "माझे मेहुणे गेले होते, काही लागत नाही" यावर जाऊ नका.

दुसरा प्रश्न तिकिटाचा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर बॅगा बहुधा थेट शेवटच्या गावी जातात, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय विमान कंपनी बघते. तिकिटं वेगवेगळी असतील तर हे दोन्ही गृहीत धरता येत नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपण फिरायला बाहेर गेलो आणि वेळेत परतलो नाही, तर ती चूक आपली. मग कंपनी पुढची सगळी तिकिटं, कधी कधी परतीचंसुद्धा, रद्द करू शकते. आमचं तिकीट एकच होतं, बॅगा थेट मेलबर्नला जाणार होत्या. इथवर सगळं बाहेर जाण्याच्या बाजूने होतं.

आता वजाबाकी

लेकीने लिहिलं: ७ तास = ४२० मिनिटं.

विमानातून उतरणं, आतल्या ट्रेनने मुख्य इमारतीत येणं, इमिग्रेशनची रांग. धरले ९० मिनिटं.

क्वालालंपूरचा विमानतळ शहरात नाही, सेपांगला आहे, शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर. तिथून केएल सेंट्रल स्टेशनला जाणारी वेगवान रेल्वे २८ मिनिटं घेते. तिकीट काढणं आणि गाडीची वाट बघणं धरून ५० मिनिटं.

परत येताना तेवढीच, ५० मिनिटं.

पुन्हा इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, गेटपर्यंतची चाल. विमान सुटण्याच्या वेळेला गेट उघडं नसतं, ते आधीच बंद होतं. म्हणून सुटण्याच्या अडीच तास आधी विमानतळावर परत. १५० मिनिटं.

बेरीज झाली ३४०. चारशे वीसमधून तीनशे चाळीस गेले, राहिली ऐंशी.

लेक वहीकडे बघतच राहिली. "आई, सात तास होते ना? मग ऐंशी मिनिटंच कशी?"

शिक्षक मित्रांनो, वजाबाकी मी बारा वर्षं शिकवते आहे. पण वजाबाकी करून एखादं मूल इतकं चकित झालेलं मी वर्गात पाहिलेलं नाही.

मग त्या ऐंशी मिनिटांत काय बसतं? अण्णांना बटू केव्ह्जला जायचं होतं. तिथे मुरुगन, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामींची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती आहे आणि गुहेत चढायला २७२ पायऱ्या. आपल्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घेऊ नये अशी जुनी समजूत, आणि तिथे बायका लेकरं कडेवर घेऊन पायऱ्या चढतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. त्याचं त्यांना फार कौतुक. लेकीला पेट्रोनास टॉवर्स बघायचे होते, ४५२ मीटरचे, ८८ मजल्यांचे. बटू केव्ह्ज शहराच्या पलीकडे, उत्तरेला. केएल सेंट्रलहून पुन्हा दुसरी गाडी धरायची. ऐंशी मिनिटांत ते जाऊन-येऊनसुद्धा होईना. अण्णांनी स्वतःच त्यावर काट मारली. टॉवर्ससाठी केएल सेंट्रलहून शहरातली मेट्रो, साधारण पंधरा मिनिटांची. चालणं धरून ये-जा चाळीस मिनिटं. म्हणजे टॉवर्सपाशी उरणार चाळीस मिनिटं.

ठीक आहे, फोटो तर निघेल. मग मी लेकीला आणखी एक वाक्य लिहायला लावलं: "बारा वाजेपर्यंत विमान जमिनीला टेकलं नाही, तर बाहेर पडायचं नाही." खाली तिघांच्या सह्या. हे वाक्य घरी बसून लिहिणं फार गरजेचं होतं, कारण तिथे उतरल्यावर मन निवाडा करत नाही, वकिली करतं.

प्रत्यक्षात काय झालं

मुंबईहून विमान उशिरा निघालं. क्वालालंपूरला साडेबारा वाजता टेकलं. म्हणजे पन्नास मिनिटं उशीर. ऐंशीतून पन्नास गेले, राहिली तीस. मेट्रोच्या ये-जालाच चाळीस लागणार होती.

अण्णा म्हणाले, "अगं, अजून सहा तास आहेत. चल, बघू काय होतं ते." माझंही मन हललं. खरं सांगते, कागद नसता तर मी गेले असते. लेकीने पाठीवरच्या बॅगेतून वही काढली आणि आजोबांना त्यांची सही दाखवली. अण्णा काही बोलले नाहीत. तोंड पाडून खुर्चीत बसले. लेकही हिरमुसली होती. वही तिनेच दाखवली होती, पण टॉवर्सही तिचेच गेले होते.

पुढचे काही तास फार आनंदात गेले असं मी म्हणणार नाही. त्या विमानतळाच्या सॅटेलाइट इमारतीच्या मधोमध खऱ्या झाडांचं एक छोटं जंगल आहे. किशो कुरोकावा या जपानी वास्तुरचनाकाराची ती कल्पना, जंगलात विमानतळ आणि विमानतळात जंगल. आजोबा-नात काचेपाशी उभे राहून झाडं बघत होते. दुपारी बाहेर आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. त्या दिवसांत तिथे दुपारचा वादळी पाऊस नेहमीचाच.

संध्याकाळी अण्णा हळूच म्हणाले, "माझा गुडघा सकाळपासूनच दुखत होता. पोरीचा हिरमोड नको म्हणून चल म्हणत होतो." लेक म्हणाली, "मला वाटलं आबांनाच जायचंय." दोघंही एकमेकांसाठी हट्ट करत होते! पालकहो, घरात ठरवताना प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर माणसं दुसऱ्याला बरं वाटेल तेच उत्तर देतात.

आणि गंमत पुढेच आहे. मेलबर्नचं विमानही त्या दिवशी तासभर उशिराने सुटलं. घरी फोनवर सांगितलं तर मामा लगेच म्हणाले, "बघ! गेला असतात तरी चाललं असतं. उगाच घाबरलात."

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे.

रीत आणि उत्तर

वर्गात एखादं मूल रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहितं आणि ते बरोबर निघतं. आपण त्याला पूर्ण गुण देतो का? नाही देत. कारण आज ते चुकून बरोबर आलं, उद्या येणार नाही. आणि एखाद्याची रीत बरोबर असून शेवटी गडबड झाली, तर रीतीचे गुण आपण देतोच. मग आयुष्यातल्या निर्णयांना हा नियम आपण का लावत नाही? "गेलो, काही झालं नाही, म्हणजे जाणं बरोबर होतं" हे नुसतं उत्तर झालं. विमान उशिरा सुटणार हे दुपारी साडेबाराला आम्हाला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं त्यावरून केलेलं गणित बरोबर होतं.

तीन आठवड्यांनी परतलो. बहीण आणि बाळ सुखरूप. परतीलाही क्वालालंपूरला थांबा होता. सकाळी ७ ला उतरायचं, दुपारी २ ला मुंबईचं विमान. पुन्हा सातच तास!

लेकीने तीच वही काढली. सगळे आकडे तेच लिहिले आणि शेवटच्या आकड्यावर थांबली. "आई, या वेळी परत यायला अडीच तास आधी कशाला? चुकलं तर काय होईल?"

मी विचार केला. जाताना विमान चुकलं असतं तर बहीण एकटी राहिली असती. ती वेळ पैसे देऊन परत मिळाली नसती. येताना चुकलं तर? नवीन तिकिटाचा मोठा भुर्दंड, हॉटेलची एक रात्र, मुख्याध्यापकांना एक फोन आणि शाळेत एक दिवस उशीर. वाईटच, पण भरून येणारं. म्हणून आम्ही दोन तास आधी असं धरलं. ऐंशीच्या जागी एकशे दहा मिनिटं झाली. मेट्रोची चाळीस वजा जाता टॉवर्सपाशी सत्तर. विमान वेळेवर उतरलं, रांगही छोटी निघाली. टॉवर्सखालच्या बागेत अण्णा बाकावर बसले आणि लेक मान मागे टाकून टोक शोधत राहिली. नाश्त्याला रोटी चनाई खाल्ली, डाळीबरोबर. अण्णा म्हणाले, "हा तर आपला पराठाच की, जरा पापुद्रे जास्त." दहा पन्नासला मागे फिरायचं ठरलं होतं. लेकीने साडेदहालाच उठवलं.

तोच विमानतळ, तेच सात तास, तीच माणसं, आणि उत्तरं दोन. दोन्ही बरोबर. माझं म्हणणं एवढंच आहे, की बाहेर पडावं की नाही हे केवळ तासांवर ठरत नाही. चुकलं तर काय जाईल आणि ते भरून येईल का, यावर ते ठरतं. बाहेर पडणं हे धाडस नाही आणि आत बसणं हा भित्रेपणा नाही. गणित न करता केलेली कुठलीही गोष्ट मात्र जुगार आहे.

वर्गात हे कसं आणलं

आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांनी विमान फक्त आकाशात पाहिलेलं. म्हणून मी उदाहरण एसटीवर आणलं. "तुम्ही आजीकडे निघालात. तालुक्याच्या स्टँडवर दहाला उतरलात. पुढची एसटी दीडला. बाजार स्टँडपासून पंचवीस मिनिटं चालत. बाजारात जावं का?"

पहिल्यांदा अर्धा वर्ग ओरडला, "हो!" अर्धा म्हणाला, "नको!" मी म्हटलं, आकडे मांडा. मुलांनी चालण्याचा वेळ वजा केला, गर्दीचा केला, एकीने तर लहान भाऊ हळू चालतो म्हणून दहा मिनिटं वाढवली. आणि मागच्या बाकावरचा, गणितात नेहमी गप्प बसणारा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, पण ती चुकली तर त्याच्या पुढची एसटी कितीला?"

मी फळ्यापाशी तशीच उभी राहिले. उदाहरणात मी ते दिलंच नव्हतं. आणि सगळं उत्तर त्यावरच तर अवलंबून होतं! पुढची गाडी तासाभराने असेल तर खुशाल बाजारात जा. ती दिवसातली शेवटची गाडी असेल तर स्टँडवर बसून शेंगा खा.

आपल्या शाब्दिक उदाहरणांत लागणारी सगळी माहिती दिलेली असते, आणि उत्तर एकच असतं. त्यामुळे मुलं दिलेले आकडे उचलतात आणि "मॅडम, बेरीज करायची का वजाबाकी?" एवढंच विचारतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चिकित्सक विचार आणि समस्या सोडवणं यावर भर आहे. मला वाटतं त्याची सुरुवात मोठ्या प्रकल्पापासून करायची गरज नाही. आठवड्यातून एक उदाहरण असं द्या, ज्यात एक महत्त्वाची माहिती मुद्दाम दिलेली नाही. ती कोणती हे मुलांनी विचारायचं. विचारणाऱ्याला गुण.

आणि पालकांना एक विनंती. प्रवासाचं, खरेदीचं, लग्नाला किती वाजता निघायचं याचं गणित मुलांसमोर मोठ्याने करा. मुक्कामाच्या वेळेपासून मागे मागे येत वजा करायला शिकवा. मागे फिरायची वेळ घरीच ठरवा आणि ती सांभाळायचं काम मुलाकडे द्या. मग तिथे पोचल्यावर मुलाने ती आठवण करून दिली, तर "गप रे, तुला काय कळतं" म्हणू नका. अण्णा त्या दिवशी रागावले, पण नातीला गप्प बसवलं नाही. आपली सही पाहिली आणि बसून राहिले. त्या वहीतल्या वजाबाकीइतकंच माझी लेक त्यांच्या त्या बसण्यातूनही शिकली असं मला वाटतं.

बटू केव्ह्ज मात्र राहिलंच. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला परत जायचं बोलणं चालू आहे. अण्णा म्हणतात, "या वेळी थांबा बारा तासांचा बघ."

लेक म्हणाली, "आबा, आधी लिहून बघू."